दाबोळी ते मोपा: गोव्याच्या दोन विमानतळांमधील अंतर आणि प्रवासाचा वेळ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गोव्यात दोन विमानतळ चालू झाल्यापासून प्रवाशांकडून एकाच धाटणीचे प्रश्न सतत येत आहेत. कोणी दाबोळीला उतरून त्याच दिवशी मोपावरून पुढे जाणार असतो, कोणाला तिकिटावरचा ‘गोवा’ नेमका कोणता हे कळलेले नसते, तर कोणी नकाशावरचे अंतर पाहून दोन विमानांमध्ये जेमतेम अडीच तास ठेवलेले असतात. हे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल आणि जेथे दुसऱ्या उत्तराचा संबंध येतो तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गोव्यातले दोन विमानतळ नेमके कुठे आहेत?

दाबोळी विमानतळ दक्षिण गोव्यात, मुरगाव तालुक्यात, वास्को शहराच्या अगदी जवळ आहे. तो भारतीय नौदलाच्या ‘आयएनएस हंसा’ या हवाई तळाचा भाग असून प्रवाशांसाठीची इमारत भारतीय विमानतळ प्राधिकरण चालवते. मोपा विमानतळ उत्तर गोव्याच्या टोकाला, पेडणे तालुक्यातील मोपाच्या सड्यावर, महाराष्ट्राच्या सीमेपासून थोड्याच अंतरावर आहे. त्याचे अधिकृत नाव ‘मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ’ असे असून ते मनोहर पर्रीकर यांच्या स्मरणार्थ दिले आहे. त्याचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवासी विमाने सुटू लागली. बोलताना सगळेच ‘दाबोळी’ आणि ‘मोपा’ म्हणतात, त्यामुळे येथेही तीच नावे वापरली आहेत.

२. दोन्ही विमानतळांमध्ये अंतर किती आहे?

रस्त्याने सुमारे ६० किलोमीटर. वाहनाने कोणता फाटा घेतला आणि पणजी कशी ओलांडली यानुसार त्यात चार-पाच किलोमीटरचा फरक पडतो. सरळ रेषेत मोजले तर हेच अंतर सुमारे ४० किलोमीटर भरते, कारण मोपा जवळजवळ दाबोळीच्या थेट उत्तरेला आहे.

सरळ रेषेतले ४० आणि रस्त्याचे ६० यांमधला फरक नद्यांमुळे पडतो. झुआरी आणि मांडवी या दोन मोठ्या नद्यांची मुखे आणि त्यांच्या उत्तरेला कोलवाळजवळ शापोरा नदी, असे तीन प्रवाह या वाटेत आडवे येतात. रस्ता जेथे पूल आहेत तेथूनच जाऊ शकतो. दाबोळीहून निघालेल्या वाहनाला म्हणूनच आधी पूर्वेकडे कुठ्ठाळीपर्यंत जावे लागते आणि मग उत्तरेकडे वळावे लागते. नकाशावर बोटाने मोजलेल्या अंतरावर कोणीही विसंबू नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

३. हे अंतर कापायला वेळ किती लागतो?

भल्या पहाटे किंवा रात्री उशिरा, रस्ता मोकळा असताना, सव्वा तास पुरतो. दिवसाच्या सर्वसाधारण वेळी दीड ते पावणेदोन तास धरावेत. सकाळी कार्यालये भरण्याच्या सुमारास आणि संध्याकाळी पाचपासून आठपर्यंत दोन तास सहज लागतात, आणि मार्गात कुठे अपघात झाला, वाहन बंद पडले किंवा पुलावर कोंडी झाली तर अडीच तासही लागू शकतात.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक वाटते. मोबाइलवरील नकाशा निघताना दाखवतो तो वेळ त्या क्षणाचा असतो. आठवड्यापूर्वी घरी बसून रात्री अकरा वाजता पाहिलेला ‘एक तास वीस मिनिटे’ हा आकडा प्रवासाच्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता लागू पडत नाही. तिकीट काढण्यापूर्वी त्याच वारी आणि त्याच वेळेला नकाशा उघडून पाहावा, म्हणजे खरा अंदाज येतो. सणासुदीच्या दिवसांसाठी प्रश्न १५ पाहा.

४. रस्ता कुठून कुठे जातो आणि कोंडी नेमकी कुठे होते?

दाबोळीहून निघाल्यावर सांकवाळ आणि झुआरीनगरच्या बाजूने कुठ्ठाळीला यायचे. तेथे राष्ट्रीय महामार्ग ६६ लागतो आणि झुआरीवरचा नवा केबलचा पूल ओलांडून आगशीला उतरता येते. या पुलाची पहिली बाजू डिसेंबर २०२२ मध्ये आणि दुसरी डिसेंबर २०२३ मध्ये खुली झाली. त्यापूर्वी जुन्या अरुंद पुलावर कुठ्ठाळीच्या बाजूला जी रांग लागत असे, ती ज्यांनी अनुभवली आहे त्यांना या नव्या पुलाचे मोल वेगळे सांगायला नको. पूर्वी या प्रवासातला सर्वांत अनिश्चित टप्पा हाच होता. आता तो सर्वांत सुरळीत टप्प्यांपैकी एक झाला आहे.

आगशीनंतर गोवा वेल्हा, बांबोळी आणि मेरशी ओलांडून वाहन पणजीच्या कडेला येते. येथे मांडवीवर एकमेकांना लागून पूल आहेत आणि त्यांतला सर्वांत उंच म्हणजे जानेवारी २०१९ मध्ये खुला झालेला ‘अटल सेतू’. पणजीत कामच नसेल तर तोच घ्यावा. जुन्या पुलांकडे वळलेले वाहन कदंब बसस्थानकाजवळच्या चौकातल्या शहरी वाहतुकीत सापडते.

मांडवीपलीकडे पर्वरी लागते आणि आजघडीला या वाटेवर सर्वाधिक वेळ तेथेच खर्च होतो. तेथे महामार्गावर उन्नत मार्गाचे काम हाती घेतले गेल्यापासून वाहने बाजूच्या रस्त्यांवरून वळवली जातात. ते काम पूर्ण होऊन रस्ता मोकळा होईपर्यंत या पाच-सहा किलोमीटरसाठी अर्धा तास वेगळा धरावा. पुढे गिरी आणि म्हापशाची बाजू येते. म्हापशाचा बाजार शुक्रवारी भरतो आणि त्या दिवशी सकाळी आसपासच्या गावांतून माणसे आणि वाहने शहरात येत असल्याने करासवाड्यापर्यंत त्याचा ताण जाणवतो. कोलवाळचा पूल ओलांडला की धारगळ येते. धारगळहून मोपापर्यंत विमानतळासाठी बांधलेला सुमारे साडेसहा किलोमीटरचा सहापदरी जोडरस्ता आहे. तो २०२४ मध्ये खुला झाला. पूर्वी या शेवटच्या टप्प्यात गावांतल्या वळणावळणांच्या रस्त्याने जावे लागे, त्यामुळे जुन्या प्रवाशांनी सांगितलेले वेळ आता तंतोतंत लागू होत नाहीत.

५. तिकिटावर फक्त ‘गोवा’ लिहिले आहे. माझे विमान कोणत्या विमानतळावर उतरेल?

शहराच्या नावाकडे न पाहता तीन अक्षरी संकेताकडे पाहावे. दाबोळीचा संकेत ‘जीओआय’ आहे आणि मोपाचा ‘जीओएक्स’. तिकिटावर, बोर्डिंग पासवर आणि सामानाला लावलेल्या पट्टीवर हाच संकेत छापलेला असतो. दोन्ही संकेतांची पहिली दोन अक्षरे सारखी असल्यामुळे घाईत नजर घसरते, म्हणून तिसरे अक्षर मुद्दाम वाचावे.

तिकिटे विकणाऱ्या संकेतस्थळांवर ‘गोवा’ असे शोधले की बहुधा दोन्ही विमानतळांची विमाने एकाच यादीत येतात आणि स्वस्त विमान वर दिसते. जाण्याचे तिकीट दाबोळीचे आणि परतीचे मोपाचे असे निघण्याची शक्यता येथूनच निर्माण होते. हे चूक आहे असे नव्हे. दक्षिणेकडून सुरुवात करून उत्तरेकडे प्रवास संपवणाऱ्याला ते सोयीचेच ठरते. मात्र ते जाणून घेतलेले असावे. घरातल्या ज्येष्ठांचे तिकीट तुम्ही काढले असेल, तर संकेत समजावून सांगण्यापेक्षा ‘परत येताना मोपावरून यायचे आहे’ असे मराठीत कागदावर लिहून देणे अधिक उपयोगी पडते.

६. एकाच लहान राज्यात दोन विमानतळ कशासाठी? दाबोळी बंद होणार का?

दाबोळीची धावपट्टी पोर्तुगीज राजवटीत १९५० च्या दशकात तयार झाली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा भारतीय हवाई दलाने त्या धावपट्टीवर बॉम्बहल्ला केला होता आणि मुक्तीनंतर तो तळ नौदलाकडे गेला. तेव्हापासून प्रवासी विमाने नौदलाच्या तळावर, नौदलाच्या सोयीने चालतात. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळचे काही तास लष्करी सरावासाठी राखलेले असल्यामुळे दाबोळीच्या वेळापत्रकात त्या वेळेला प्रवासी विमाने जवळजवळ नसतात. पर्यटन वाढत गेले तसे हे बंधन अधिक जाचक ठरले आणि मुक्तपणे चोवीस तास चालणाऱ्या दुसऱ्या विमानतळाची मागणी पुढे आली.

मोपाचा प्रवास सोपा नव्हता. नव्या विमानतळाला केंद्राने २००० मध्ये तत्त्वतः मान्यता दिली, ती दाबोळीवरील नागरी वाहतूक बंद करण्याच्या अटीवर. पुढे २०१० मध्ये ती अट मागे घेऊन दाबोळीही चालू ठेवण्यास संमती दिली गेली. पायाभरणी २०१६ मध्ये झाली. त्यानंतर पर्यावरणीय मंजुरीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१९ मध्ये काम थांबले आणि जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने पुढे जाण्यास परवानगी दिली. दक्षिण गोव्यातील हॉटेलवाले, टॅक्सीचालक आणि रहिवासी यांना दाबोळीच्या भवितव्याची काळजी वाटते आणि ती रास्त आहे, कारण काणकोण, केपे किंवा सांगे येथील माणसासाठी मोपा फार दूर पडतो. राज्य शासनाने मात्र दोन्ही विमानतळ चालू राहतील असे वेळोवेळी सांगितले आहे. प्रवाशाने लक्षात ठेवायचे ते एवढेच की काही कंपन्यांनी आपली विमाने दाबोळीहून मोपाला नेली आहेत. कतार एअरवेजने हा बदल २०२४ च्या जूनमध्ये केला. म्हणून मागच्या वेळी ज्या विमानतळावर उतरलात त्यावरून या वेळचा अंदाज बांधू नये.

७. दोन्ही विमानतळांमध्ये विमान किंवा हेलिकॉप्टर मिळते का?

नियमित विमानसेवा नाही. सरळ रेषेतल्या ४० किलोमीटरसाठी ती परवडणारीही नाही, कारण एवढ्या अंतरात विमानाला नीट उंचीही गाठता येत नाही आणि तपासणीसाठी आधी येऊन थांबण्यात रस्त्याच्या प्रवासाहून अधिक वेळ जाईल. हा प्रवास रस्त्यानेच करायचा आहे असे धरून चालावे.

८. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचे विमान पकडायचे आहे. मध्ये किती वेळ ठेवावा?

देशांतर्गत ते देशांतर्गत असा प्रवास असेल तर किमान पाच तास, आणि सुटीचा हंगाम असेल तर सहा तास. हा आकडा अनेकांना अवाजवी वाटतो, म्हणून त्याचा हिशेब मांडतो.

विमान वेळेवर उतरले असे समजू. दरवाजा उघडून बाहेर येणे, पट्ट्यावर सामान येणे आणि टॅक्सीपर्यंत पोहोचणे यात पाऊण तास जातो. रस्त्याला सर्वसाधारण दिवशी पावणेदोन तास. देशांतर्गत विमानाचे चेक-इन साधारणपणे सुटण्याच्या ६० मिनिटे आधी बंद होते आणि सामान द्यायचे असेल तर रांगेसाठी त्याआधी अर्धा तास हवा. म्हणजे सारे काही सुरळीत झाले तरी चार तास संपले. उरलेला एक तास हा पहिल्या विमानाच्या उशिराचा, पर्वरीच्या कोंडीचा आणि टॅक्सी मिळायला लागणाऱ्या वेळाचा मिळून आहे. त्यातले एकही कारण दुर्मीळ नाही.

फक्त हातातले सामान असेल आणि बोर्डिंग पास मोबाइलवर घेतला असेल तर चार तासांत जमू शकते. त्याहून कमी वेळ ठेवण्याचा सल्ला आम्ही कोणालाही देणार नाही. परदेशी प्रवासासाठी प्रश्न १० पाहा.

९. तिकीट एकाच वेळी, एकाच संकेतस्थळावरून काढले आहे. पहिले विमान उशिरा आले तर दुसरे विमान थांबेल का, आणि सामान परस्पर पुढे जाईल का?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेच धरावे. एकाच वेळी पैसे भरले म्हणून ते एक तिकीट होत नाही. तिकीटविक्रीची संकेतस्थळे अनेकदा दोन वेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटे एकत्र दाखवतात. दोन्हीकडे वेगवेगळा पीएनआर (तिकिटाचा नोंदणी क्रमांक) असेल तर पहिल्या कंपनीच्या उशिरामुळे दुसरीचे विमान चुकले तरी दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही फक्त वेळेवर न आलेले प्रवासी असता.

सामानाचेही तसेच आहे. पहिल्या विमानतळाच्या पट्ट्यावरून ते स्वतः उचलायचे आणि दुसऱ्या विमानतळावर पुन्हा द्यायचे. दोन ठिकाणांमध्ये प्रवाशांचे सामान वाहून नेणारी व्यवस्था आहे असे मानून कोणीही रिकाम्या हाताने बाहेर पडू नये. दोन कंपन्यांची सामानाच्या वजनाची मर्यादा वेगळी असू शकते, तेव्हा कमी मर्यादा असेल तीच प्रमाण मानावी.

१०. परदेशातून येऊन दुसऱ्या विमानतळावरून देशांतर्गत विमान आहे, किंवा उलट आहे. काय वेगळे करावे?

परदेशातून येणाऱ्याचे इमिग्रेशन आणि कस्टम हे पहिल्याच विमानतळावर पूर्ण होते, त्यासाठी प्रश्न ८ मधल्या हिशेबात आणखी एक तास धरावा. उलट दिशेने, म्हणजे देशांतर्गत विमानाने येऊन परदेशी विमान पकडायचे असेल तर तीन तास आधी दुसऱ्या विमानतळावर हजर राहणे आवश्यक आहे, त्यामुळे दोन विमानांत सात तासांचे अंतर ठेवावे. आखाती देशांत नोकरीला जाणाऱ्या आणि व्हिसाच्या तारखेला बांधलेल्या प्रवाशांनी तर शक्यतो आदल्या दिवशीच पोहोचून म्हापशात किंवा पेडण्याच्या बाजूला मुक्काम करावा. एका रात्रीचे भाडे हे चुकलेल्या परदेशी विमानाच्या तुलनेत फारच कमी असते.

११. बसने जाता येते का?

जाता येते, मात्र जोडविमान पकडायचे असेल तर बसवर विसंबू नये. कदंब वाहतूक महामंडळाच्या बसगाड्या मोपाहून पणजी, मडगाव, म्हापसा आणि किनारी भागाकडे जातात. दोन विमानतळांमध्ये तुमच्या वेळेला थेट बस असेलच असे गृहीत न धरता पणजीच्या कदंब स्थानकावर बदलण्याची तयारी ठेवावी. दाबोळीच्या बाजूने वास्को–पणजी बसगाड्या बऱ्याच आहेत. पणजीहून मोपाला जाणाऱ्या बसची वेळ मात्र आधी पाहून ठेवावी लागते.

बदलासह या प्रवासाला अडीच ते तीन तास धरावेत. ज्याच्याकडे एक पाठपिशवी आणि पूर्ण दिवस आहे त्याच्यासाठी हा सर्वांत स्वस्त आणि चांगला मार्ग आहे. दोन मोठ्या बॅगा, लहान मूल आणि घड्याळाकडे लागलेली नजर असलेल्या कुटुंबासाठी तो योग्य नाही. पणजीला उतरून बॅगा एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर नेताना ते लक्षात येतेच.

१२. टॅक्सी कुठे मिळते आणि रात्रीचे काय?

दोन्ही विमानतळांवर आगमन कक्षाच्या बाहेर टॅक्सीचे काउंटर आहेत आणि ‘गोवा माइल्स’ या ॲपवरूनही गाडी ठरवता येते. गोव्यात टॅक्सीव्यवसायाची घडी मुंबई-पुण्याहून वेगळी आहे. तेथली सवयीची ॲप येथेही तशीच चालतील असे समजून कोणी येऊ नये. काउंटरवर भाडे भरून पावती घ्यावी आणि बसण्यापूर्वी ‘मोपा विमानतळ’ किंवा ‘दाबोळी विमानतळ’ असे नाव घेऊन सांगावे. नुसते ‘एअरपोर्ट’ म्हटल्यावर चालक स्वतःच ‘कुठला?’ असे विचारतो, परंतु दुसऱ्याने तुमच्यासाठी गाडी ठरवली असेल तर हा प्रश्न विचारला जाण्याची संधीच येत नाही.

मध्यरात्रीनंतर गाड्या कमी होतात. हॉटेलमधून पहाटे तीन-चार वाजता निघायचे असेल तर गाडी आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठरवून चालकाशी एकदा बोलून घ्यावे. रात्री रस्ता मोकळा असल्याने वेळ वाचतो, पण तो वाचलेला वेळ गाडी मिळण्यातच जातो असा अनेकांचा अनुभव आहे.

१३. कोकण रेल्वेने हे अंतर लवकर कापता येईल का?

नाही. मोपाला सर्वांत जवळचे स्थानक पेडणे आहे आणि दाबोळीच्या बाजूला मडगाव किंवा माजोर्डा. दाबोळी आणि वास्को ही स्थानके कोकण रेल्वेच्या मुख्य मार्गावर नसून वास्कोला जाणाऱ्या वेगळ्या मार्गावर आहेत. म्हणजे मोपाहून पेडण्यापर्यंत टॅक्सी, तेथून मडगावपर्यंत रेल्वे आणि तेथून पुन्हा टॅक्सी असे तीन टप्पे होतात. शिवाय सगळ्याच गाड्या पेडण्याला थांबत नाहीत आणि ज्या थांबतात त्या वेळेवर असतीलच असे नाही. रेल्वेचा उपयोग आहे तो विमानतळावरून मुंबई, रत्नागिरी किंवा मंगळूरकडे जाणाऱ्यांना, आणि त्यांनी पेडण्यासोबत थिवी स्थानकही पाहावे, कारण तेथे अधिक गाड्या थांबतात.

१४. पणजी आणि पर्वरी टाळून जाण्याचा रस्ता आहे का? आणि भाड्याच्या दुचाकीने जाता येईल का?

आतल्या बाजूने, फोंड्याहून डिचोली आणि अस्नोड्याच्या दिशेने जाणारा मार्ग आहे. तो बराच लांब पडतो, रस्ते अरुंद आहेत आणि बोरीच्या पुलावर स्वतःची कोंडी असते. महामार्ग पूर्ण बंद पडल्याची खात्रीची बातमी असेल तरच हा मार्ग घ्यावा. नुसती गर्दी आहे म्हणून घेतल्यास वेळ वाचत नाही.

दुचाकीला अटल सेतूवर प्रवेश नाही, त्यामुळे दुचाकीस्वाराने मांडवीच्या जुन्या पुलावरूनच जावे. पाठीवर बॅग घेऊन महामार्गावरचा साठ किलोमीटरचा प्रवास, विशेषतः पावसात, आम्ही सुचवणार नाही. भाड्याची मोटार एका विमानतळावर घेऊन दुसऱ्यावर सोडायची असेल तर ते करारात आधी लिहून घ्यावे. बरेच मालक त्यासाठी वेगळे पैसे आकारतात.

१५. पावसाळ्यात आणि सणासुदीला किती जादा वेळ धरावा?

जून ते सप्टेंबर या काळात रस्त्याला अर्धा तास अधिक धरावा. मोठ्या सरीत झुआरी आणि मांडवीच्या उंच पुलांवर वारा आणि पाणी एकदमच झोडपते आणि सगळी वाहने मंदावतात. याच काळात विमानेही उशिरा येतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी वेळ कापला जातो.

सणांचे गणित वेगळे आहे. डिसेंबरचा शेवटचा आठवडा हा या मार्गावरचा सर्वांत अवघड काळ आहे आणि त्या दिवसांत कळंगुट-बागाकडे जाणाऱ्या वाहनांमुळे पर्वरी ते म्हापसा हा टप्पा दुपारपासून रात्रीपर्यंत भरलेला असतो. ३ डिसेंबरला जुने गोवे येथे सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त असते. त्या दिवशी पणजीच्या पूर्वेकडील रस्त्यांवर ताण येतो. कार्निव्हल आणि शिगमोच्या मिरवणुकांच्या दिवशी पणजी, म्हापसा, वास्को या शहरांत दुपारनंतर रस्ते वळवले जातात. चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत मुंबईहून गावी येणाऱ्यांची आणि माटोळीच्या (गणपतीच्या वर बांधायच्या फळा-पानांच्या सजावटीच्या) बाजाराची गर्दी असते. या सर्व दिवशी प्रश्न ८ मधला सहा तासांचा आकडा धरावा आणि शक्य असल्यास सकाळी लवकर निघावे.

१६. मी सिंधुदुर्ग, कारवार किंवा बेळगावचा आहे. माझ्यासाठी कोणता विमानतळ बरा?

सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग आणि वेंगुर्ला या भागासाठी मोपाच. सावंतवाडीहून पत्रादेवीमार्गे तो तासाभराच्या आत येतो, तर दाबोळीसाठी पणजी ओलांडावी लागते. कारवारच्या प्रवाशाला मात्र दाबोळी जवळ आहे. त्याला मोपासाठी संपूर्ण गोवा दक्षिणेकडून उत्तरेकडे पार करावा लागेल. बेळगावला स्वतःचा विमानतळ आहे, पण गोव्यातूनच जायचे असेल तर घाट उतरून दोन्ही विमानतळांकडे येता येते आणि तेव्हा विमानाची वेळ व भाडे यांवर निर्णय घ्यावा.

सिंधुदुर्गातील चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. मालवण आणि कुडाळच्या प्रवाशाला तो मोपाहून जवळ आहे, परंतु तेथील विमाने मोजकी आणि वेळापत्रक बदलते असल्यामुळे तिकीट काढण्याच्या दिवशीच उपलब्धता पाहावी.

१७. मी चुकीच्या विमानतळावर पोहोचलो आहे. आता काय करावे?

सर्वप्रथम चेक-इन बंद व्हायला किती वेळ आहे ते पाहावे. तीन तासांहून अधिक वेळ असेल तर थेट काउंटरवरून टॅक्सी घेऊन निघावे, वाटेत मोबाइलवरून चेक-इन पूर्ण करावे आणि मांडवी ओलांडताना अटल सेतू घेण्यास चालकाला सांगावे. दोन तासांहून कमी वेळ असेल तर दिवसा त्या विमानाची आशा सोडून द्यावी आणि गाडीत बसण्याआधी त्याच कंपनीला फोन करून तारीख किंवा वेळ बदलून घ्यावी. विमान सुटल्यानंतर बदल करता येत नाही किंवा फार महाग पडतो, सुटण्यापूर्वी मात्र काही पर्याय शिल्लक असतो. तुम्ही ज्या विमानतळावर उभे आहात तेथूनच त्याच शहराला जाणारे दुसरे विमान आहे का, हेही पाहावे. मुंबई, दिल्ली, बंगळूर आणि हैदराबादसाठी ते बहुधा असते आणि अनेकदा टॅक्सी, दगदग आणि बदलाचे शुल्क यांच्या बेरजेपेक्षा ते स्वस्त पडते.

१८. माझे विमान मोपाला उतरणार होते, पण ते दुसरीकडे वळवले गेले. दाबोळीला उतरल्यास मी तेथेच बाहेर पडू शकतो का?

मोपा सड्यावर असल्यामुळे पहाटेचे धुके आणि पावसाळ्यातले खाली आलेले ढग यांचा तेथे परिणाम होतो. २२ मे २०२४ रोजी वीज पडून तेथील धावपट्टीच्या दिव्यांत बिघाड झाला आणि काही विमाने इतरत्र वळवावी लागली होती. वळवलेले विमान दाबोळीलाच उतरेल असे नाही. इंधन, जागा आणि कंपनीची सोय पाहून ते मुंबई, हैदराबाद किंवा बंगळूरलाही नेले जाते.

ते दाबोळीला उतरले तरी परवानगीशिवाय खाली उतरू नये. हवामान निवळल्यावर तेच विमान पुन्हा मोपाला जाणार असेल तर प्रवासी आतच बसवून ठेवले जातात. कंपनीने प्रवास तेथेच संपवला तर सामान घेऊन बाहेर पडता येते, आणि तुमच्या तिकिटावर मोपा असल्यामुळे तेथवर नेण्याची व्यवस्था कर्मचाऱ्यांकडे स्पष्टपणे मागावी. न्यायला आलेली माणसे मोपाच्या आगमन कक्षाबाहेर थांबलेली असतील तर त्यांना कळवून लगेच दाबोळीकडे निघायला सांगू नये. सामान हातात आल्यावर, आणि कंपनीची बस मिळणार की नाही हे कळल्यावरच सांगावे. तोपर्यंत त्यांनी मोपालाच थांबणे बरे, कारण बस निघाली तर ती तेथेच येणार असते आणि वाटेत पर्वरीला दोघांची चुकामूक झाली तर दोन्ही बाजूंचे दोन-दोन तास वाया जातात.